कर्नलची आपली कॉपी ताजी ठेवायची तर ‘पुल’ सोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सहा-सात महिन्यांपूर्वी तुम्ही लिनक्स कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचा) सोर्स गिट या कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनानं क्लोन केला, म्हणजे इतिहासासकट आपल्या मशीनवर उतरवला, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी त्यात आय-टू-सी (चिपांना जोडणारी साधी बस) सेन्सरचा ड्रायव्हर लिहिला आणि सगळे बदल मास्टर ब्रँचवरच, म्हणजे कोडच्या मुख्य धारेवरच, कमिट केले (नोंदवले). आता ‘गिट पुल’ केलं की कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांचे वेगळे बदल) येतात आणि ते सोडवताना भलतंच काहीतरी मोडतं. दोनदा वैतागून फोल्डर उडवलं आणि नव्यानं क्लोन केलं; त्यातलं एक हॉस्टेलच्या वायफायवर रात्रभर चालून पहाटे तुटलं आणि पुन्हा शून्यापासून सुरू करावं लागलं. सध्याचं फोल्डरही मर्जच्या मधोमध अडकलेलं आहे. तुम्ही विचारता, रोज काम करणारे लोक आपली कॉपी ताजी ठेवतात तरी कशी?

एम्बेडेड लिनक्सवर काम करून मला वीसेक वर्षं झाली. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यात हेच सांगतो: ‘पुल’ हे एक काम नाही, ती दोन कामं आहेत. पहिलं काम म्हणजे तिकडचा नवा कोड आपल्या डिस्कवर आणून ठेवणं. ते ‘गिट फेच’ करतं. दुसरं म्हणजे तो कोड आपल्या कामात मिसळणं, मग ते मर्जनं (दोन्हींकडचे बदल एकत्र जोडून) असो वा रीबेसनं (आपले कमिट नव्या पायावर पुन्हा रचून). फेच तुमच्या एकाही फाइलला हात लावत नाही, तुमची ब्रँच जागची हलवत नाही. ते दिवसातून दहा वेळा करा, झोपेत करा, काही बिघडत नाही. मिसळणं हा मात्र निर्णय आहे. तो कधी घ्यायचा, कुठल्या मुक्कामावर घ्यायचा आणि त्यासाठी किती वेळ हाताशी हवा हे तुम्ही ठरवायचं असतं. ‘पुल’ ही दोन्ही कामं एका झटक्यात करतं, म्हणून रात्री साडेअकराला, उद्या डेमो असताना, तुम्ही नकळत तो निर्णय घेऊन बसता.

त्यामुळे पहिली सवय ही लावा की मास्टर ब्रँचवर स्वतःचं एकही कमिट करायचं नाही. मास्टर ही परक्याची ठेव आहे. ती तिकडे जशी आहे तशीच इकडे दिसली पाहिजे. गिटच्या सेटिंगमध्ये पुलसाठी ‘एफएफ ओन्ली’ (फक्त सरळ पुढे सरकणं) लावून ठेवा. मग चुकून पुल केलंच आणि मास्टरवर तुमचं काही असलं, तर गिट गुपचूप मर्ज न करता तिथंच थांबेल. तुमचं काम वेगळ्या ब्रँचवर राहील. ती ब्रँच कुठल्या पायावर उभी आहे, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

आता पाया कुठला घ्यायचा? इथं बरेचजण चुकतात, कारण ‘लेटेस्ट कर्नल’ नावाची एकच गोष्ट नसते. लिनक्स सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स यांची शाखा म्हणजे मेनलाइन. दर नऊ-दहा आठवड्यांनी तिथून नवं व्हर्जन निघतं. त्यातले पहिले दोन आठवडे मर्ज विंडोचे असतात. जगभरच्या मेंटेनरांनी (कर्नलचा एकेक भाग सांभाळणाऱ्यांनी) जमवलेले हजारो बदल त्या काळात आत येतात. मग आरसी-१ (रिलीज कँडिडेट, म्हणजे चाचणीसाठीची पहिली आवृत्ती) निघतं, आणि पुढं दर रविवारी एकेक आरसी; अमेरिकेतली रविवारची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा सोमवारची पहाट. एका व्हर्जनमध्ये साधारण दहा ते पंधरा हजार कमिट असतात. मर्ज विंडोच्या मधल्या एखाद्या मंगळवारची मास्टर ब्रँच उचलून तिच्यावर आपलं काम रचणं म्हणजे घराचं प्लास्टर चालू असताना सामान लावण्यासारखं आहे. कर्नलच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्येही मेंटेनरांना हेच सांगितलं आहे की पाया घ्याल तो मधल्याच एखाद्या कमिटचा नको, ओळखीच्या, स्थिर ठिकाणाचा घ्या. एखादं आरसी चांगलं. तुमच्यासारख्यानं तर सरळ पूर्ण व्हर्जनचा टॅग (त्या व्हर्जनच्या कमिटला दिलेलं नाव) घ्यावा.

दुसरी शाखा स्टेबलची. ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि साशा लेव्हिन ती सांभाळतात. मेनलाइनमध्ये आलेल्या दुरुस्त्या निवडून जुन्या व्हर्जनांत आणणं हे तिचं काम, आणि ६.१, ६.६, ६.१२ यांसारखी काही व्हर्जनं दीर्घकाळ सांभाळली जातात. बोर्डवर चालणारं, दुसऱ्या कुणाच्या हातात जाणारं काही करत असाल तर याच शाखेवर राहा आणि तिचे सगळे अपडेट घ्या. ‘आम्ही फक्त सिक्युरिटीच्या दुरुस्त्या वेचून घेतो’ असं अभिमानानं सांगणाऱ्या टीम मी पाहिल्या आहेत. ते जमत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नल प्रोजेक्ट स्वतःच आपले सीव्हीई क्रमांक (सुरक्षा दोषांचे जाहीर नोंद क्रमांक) देऊ लागला आणि त्यांची संख्या पाहिली की कळतं, कुठली दुरुस्ती सिक्युरिटीची आणि कुठली नाही हे बाहेरून वेचणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. ग्रेग वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत आणि माझा अनुभवही तोच आहे.

तिसरी शाखा लिनक्स-नेक्स्ट. पुढच्या मर्ज विंडोत काय येणार याची ती रोजची रंगीत तालीम असते आणि ती रोज नव्यानं बांधली जाते. म्हणजे कालच्या नेक्स्टवर आजचं नेक्स्ट ‘पुढे’ जात नाही, इतिहासच बदललेला असतो. तिथं मर्ज करायला गेलात तर कधीच सुटणार नाही असा गुंता होतो. फेच करायचं, त्या दिवसाच्या तारखेचा टॅग उघडायचा, बघायचं, सोडून द्यायचं. तुम्हाला सध्या तिची गरज नाही.

मेनलाइन आणि स्टेबलसाठी दोन वेगळे क्लोन मात्र करू नका. एकाच रेपोत (गिटच्या साठ्यात) दोन रिमोट (दूरच्या साठ्यांचे पत्ते) जोडा. स्टेबलमधला बहुतेक इतिहास मेनलाइनचाच असल्यामुळे दुसरा रिमोट जोडल्यावर फक्त फरकापुरता डेटा खाली येतो. मग ‘गिट रिमोट अपडेट’ म्हटलं की दोन्हींकडचं ताजं येतं.

तुमच्या तुटलेल्या क्लोनबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे निम्मे लोक इथंच नाद सोडतात. गिटचं क्लोन मध्ये तुटलं तर जिथं तुटलं तिथून पुढे सुरू होत नाही. कर्नलच्या रेपोत दहा लाखांहून जास्त कमिट आहेत, डाउनलोड काही जीबींचं होतं आणि डुगडुगत्या नेटवर ते एका दमात पूर्ण होईल याची खात्री नसते. यावर कर्नल डॉट ऑर्ग या कर्नलच्या अधिकृत साइटनंच उपाय ठेवला आहे: पूर्ण इतिहासाची ‘क्लोन बंडल’ नावाची एकच मोठी फाइल. ती साधी फाइल असल्यामुळे ‘डब्ल्यूगेट’ या डाउनलोडच्या कमांडला ‘कंटिन्यू’चा ऑप्शन देऊन उतरवता येते. तुटलं तर तीच कमांड पुन्हा द्यायची, उरलेलं तेवढं येतं. तीन रात्री लागल्या तरी चालतील. फाइल पूर्ण आली की ‘गिट बंडल व्हेरिफाय’नं तपासा, त्या फाइलमधूनच लोकल क्लोन करा, मग ओरिजिन (जिथून क्लोन केलं तो रिमोट) काढून तिथं खऱ्या मेनलाइनचा पत्ता जोडा आणि फेच करा. बंडल बनल्यापासूनचा फरक तेवढा नेटवरून येईल. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ही पद्धत पायरीपायरीनं लिहिलेली आहे. तुमच्या वर्गात कुणी हे एकदा केलं की ती फाइल पेनड्राइव्हवरून सगळ्यांना देता येते. एका कॉलेजमध्ये वर्कशॉप घ्यायला गेलो तेव्हा मी बंडल घेऊन गेलो होतो. तीस मुलांचे क्लोन तासाभरात झाले. नेटवरून करत बसलो असतो तर दिवस गेला असता.

‘डेप्थ १’ देऊन केलेलं उथळ क्लोन तुमच्या मनात आलं असेल. ते लवकर येतं, पण त्यात इतिहास नसतो. ब्लेम (कुठली ओळ कुणी लिहिली) चालत नाही, बायसेक्ट (दोष कुठल्या कमिटनं आला याचा शोध) चालत नाही, आणि रीबेस करायची वेळ आली की समाईक पूर्वज सापडत नाही म्हणून गिट गोंधळतं. नुसतं एकदा बिल्ड करून पाहायचं असेल तर ठीक. पण मग सरळ टारबॉलच (एका व्हर्जनच्या सगळ्या सोर्सची दाबलेली फाइल) घ्यावा की, ६.६ चा एक्सझेड टारबॉल साधारण १४० एमबीचा आहे. यातला मधला मार्ग म्हणजे ‘शॅलो एक्सक्लूड’: अमुक टॅगच्या आधीचा इतिहास नको, पुढचा सगळा हवा, असं सांगता येतं. दोन-तीन वर्षांचा इतिहास बहुतेक कामांना पुरतो. पुढं पूर्ण हवा झाला तर ‘अनशॅलो’ करून मागवता येतो.

विंडोज किंवा मॅकवर असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कर्नलच्या नेटफिल्टरमध्ये (नेटवर्कचे पॅकेट गाळणाऱ्या भागात) अशा काही हेडर फाइल्स आहेत की ज्यांच्या नावांत फक्त मोठ्या आणि लहान लिपीचा फरक आहे. मोठं-लहान अक्षर एकच मानणाऱ्या फाइलसिस्टमवर क्लोन केलं की गिट लगेच म्हणू लागतं, ‘या फाइल्स तुम्ही बदलल्यात’, आणि आपण कशालाच हात लावलेला नसतो. विंडोजवर डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमधल्या लिनक्सच्या) आतल्या होम फोल्डरमध्ये क्लोन करा, सी ड्राइव्हवर नको.

आता मुख्य काम: दुसऱ्याचा कोड पुढे सरकत असताना आपले बदल त्याच्यावर धरून ठेवणं.

तुमचे कॉन्फ्लिक्ट कुठल्या फाइल्समध्ये आले ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला वाटतं केकॉन्फिग (बिल्डचे पर्याय सांगणारी फाइल) आणि मेकफाइलमध्ये (काय कंपाइल करायचं ते सांगणारी). ड्रायव्हरची मुख्य फाइल नवी, तिला दुसरं कुणी हात लावणार नाही. पण प्रत्येक नव्या ड्रायव्हरला त्या फोल्डरच्या केकॉन्फिग आणि मेकफाइलमध्ये आपल्या ओळी घालाव्या लागतात, आणि नवखा माणूस त्या हमखास शेवटी घालतो. शेवटी घालणारे आणखी चार जण असतात, मग टक्कर होते. तिथं वर्णक्रम पाळण्याची पद्धत आहे ती नुसती शिस्त म्हणून नाही. नाव जिथं बसतं तिथं घातलंत तर शेजारच्या ओळी सहसा हलत नाहीत आणि कॉन्फ्लिक्ट जवळपास संपतात.

मग बदल लहान-लहान कमिटमध्ये तोडा. ड्रायव्हर एक कमिट, केकॉन्फिग-मेकफाइलचा भाग त्याच्याबरोबर, डिव्हाइस ट्रीचा (बोर्डवरच्या हार्डवेअरच्या वर्णनाचा) बदल वेगळं कमिट, आणि गाभ्यातल्या एखाद्या फाइलमध्ये डीबगसाठी टाकलेल्या प्रिंटच्या ओळी पूर्ण वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे नंतर तेवढंच कमिट उडवता येईल. सगळं एकाच ‘फायनल चेंजेस’ नावाच्या कमिटमध्ये कोंबलेलं असलं, तर रीबेस करताना एका जागी अडलं की सगळंच अडतं.

पुढे सरकताना एका टॅगवरून दुसऱ्या टॅगवर सरका आणि उडी मारू नका. मी एकदा काही ड्रायव्हर ६.१ वरून ६.१२ वर नेले. पहिल्या प्रयत्नात सरळ उडी मारली आणि बिल्डमध्ये इतक्या एरर आल्या की कुठली कशामुळे ते कळेना. मग परत फिरलो आणि एकेक व्हर्जन चढत गेलो: रीबेस, बिल्ड, बोर्डवर चाचणी, पुढचं व्हर्जन. ६.४ वर पोचलो तेव्हा ‘क्लास क्रिएट’ फंक्शननं मान टाकली, कारण त्या व्हर्जनपासून त्याचा मॉड्यूलवाला पहिला पॅरामीटर काढून टाकला आहे. ६.८ वर ‘एसटीआरएल-कॉपी’ हे फंक्शनच गायब झालेलं होतं. त्याच्या जागी ‘एसटीआरएस-कॉपी’ वापरायचं. मधल्या एका टप्प्यावर आय-टू-सी ड्रायव्हरच्या प्रोबला (डिव्हाइस सापडल्यावर चालणाऱ्या फंक्शनला) मिळणारा दुसरा पॅरामीटर गेला, आणि तो तुम्हालाही भेटेल, कारण जुन्या पुस्तकांतली आणि कॉलेजच्या नोट्समधली उदाहरणं अजून दोन पॅरामीटरचीच आहेत. प्रत्येक पायरीवर एक-दोनच गोष्टी मोडत होत्या, त्यामुळे कारण शोधायला पाच मिनिटं लागायची. एखादं फंक्शन कुणी, का काढलं हे पाहायला ‘गिट लॉग’ला त्याचं नाव द्या. तो बदल करणाऱ्यानं कमिट मेसेजमध्ये कारण लिहिलेलं असतं, आणि त्याच बदलात त्यानं इतर ड्रायव्हर कसे दुरुस्त केले तेही दिसतं. त्यांचं बघून आपला दुरुस्त करायचा. कर्नलच्या आतला इंटरफेस स्थिर ठेवायचा नाही हे त्या लोकांनी जाणूनबुजून ठरवलेलं धोरण आहे. जो आत असतो त्याचा ड्रायव्हर बदल करणाराच दुरुस्त करतो; बाहेर राहिलेल्यानं स्वतःचं बघायचं. म्हणून जमलं तर तुमचा ड्रायव्हर मेनलाइनला पाठवाच, हे मी मनापासून सांगतो. कॉपी ताजी ठेवायच्या सगळ्या उपायांत त्याच्याइतका टिकाऊ उपाय मला सापडलेला नाही.

रीबेसमध्ये तीन साधनं मी कायम चालू ठेवतो. पहिलं ‘रेरेरे’. हे सेटिंग लावलं की तुम्ही एखादा कॉन्फ्लिक्ट कसा सोडवला ते गिट लक्षात ठेवतं आणि तोच पुन्हा आला की स्वतः सोडवतं. टॅगवरून टॅगवर चढणाऱ्याला तर हे सोन्यासारखं आहे. दुसरं ‘रेंज-डिफ’: रीबेसच्या आधीची आणि नंतरची तुमची पॅचमालिका (बदलांची रांग) शेजारी ठेवून फरक दाखवतं. रीबेस ‘सक्सेसफुल’ म्हणून संपलं याचा अर्थ ते बरोबर झालं असा नसतो. एकदा माझ्या पॅचमधलं कुलूप (लॉक) उघडायचं वाक्य शेजारच्या दुसऱ्याच फंक्शनमध्ये जाऊन बसलं होतं, कारण आजूबाजूच्या ओळी हुबेहूब सारख्या होत्या. बिल्ड झालं, बूटही झालं. रेंज-डिफमध्ये डोळ्यांनी पाहिलं म्हणून सापडलं. तिसरं ‘वर्कट्री’. एकाच रेपोवर दोन-तीन फोल्डर उघडता येतात, एकात ६.६, दुसऱ्यात ६.१२. ब्रँच अदलाबदल केली की फाइल्सच्या वेळा बदलतात आणि मेक निम्मा कर्नल पुन्हा कंपाइल करतं. वेगळ्या वर्कट्रीत तो वेळ वाचतो. बिल्डचं आउटपुटही सोर्सच्या फोल्डरमध्ये न ठेवता बाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, मेकला ‘ओ’ ऑप्शन देऊन. सोर्स स्वच्छ राहतो आणि ‘गिट स्टेटस’वर विश्वास ठेवता येतो.

हे सगळं मी इतक्या आग्रहानं का सांगतो याला कारण आहे. पुण्यात एका कंपनीत मी रुजू झालो तेव्हा त्यांचा कर्नल म्हणजे शेअर्ड ड्राइव्हवरचं एक टारबॉल होतं. चिप विकणाऱ्यानं दिलेला सोर्स, त्याच्यावर दोन वर्षं चार-पाच जणांनी थेट फाइल्समध्ये केलेले बदल, इतिहास शून्य. एका गंभीर सिक्युरिटी दोषाची दुरुस्ती घ्यायची होती आणि आपला पाया नक्की कुठल्या स्टेबल व्हर्जनचा आहे हेच कुणाला सांगता येईना. मेकफाइलमध्ये व्हर्जन लिहिलेलं होतं, पण ते कुणीतरी हातानं बदललेलं होतं. शेवटी स्टेबल रेपो घेतला, त्या मालिकेतल्या प्रत्येक टॅगशी आमच्या सोर्सचा डिफ काढला आणि ज्या टॅगशी डिफ सर्वांत लहान आला तो पाया धरला. मग तो डिफ वाचत वाचत कमिटमध्ये तोडला. त्यात सात आठवडे गेले. त्यातले सहा आठवडे आमच्याच लोकांनी पूर्वी काय केलं होतं हे शोधण्यात गेले. तुमच्यावर कधी अशी वेळ आली तर ही सर्वांत लहान डिफची युक्ती उपयोगी पडेल.

टारबॉलनं काम करणाऱ्यांसाठी एक छोटी सूचना. स्टेबलचे पॅच एकावर एक रचायचे नसतात. ६.६.५ चा पॅच ६.६ वर लागतो, ६.६.४ वर नाही. आधीचा काढून मगच नवा लावायचा. एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर नेणारे पॅच हवे असतील तर ते कर्नल डॉट ऑर्गवर वेगळ्या फोल्डरमध्ये असतात.

आणलेला कोड खराच तिकडचा आहे का, हेही पाहायला हवं. ही काळजी काल्पनिक नाही. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये कर्नलचा मूळ रेपो बिटकीपर या गिटच्या आधीच्या साधनात होता आणि ज्यांना बिटकीपर वापरायचं नव्हतं त्यांच्यासाठी त्याची एक कॉपी सीव्हीएस या त्याहून जुन्या साधनात ठेवली जायची. त्या कॉपीच्या सर्व्हरमध्ये कुणीतरी घुसून ‘वेट-४’ या सिस्टम कॉलमध्ये दोन ओळी घातल्या. वरवर पाहता ती चुकीचे ऑप्शन पकडणारी साधी तपासणी होती. पण ‘युजर आयडी शून्य आहे का’ असं विचारताना दोन बरोबर चिन्हांऐवजी एकच लिहिलं होतं. म्हणजे तपासणी नव्हेच, युजर आयडी शून्य करून टाकणं, ठरावीक ऑप्शन देणाऱ्या कुणालाही रूट (सर्वाधिकारी युजर) बनवणं. बिटकीपर बनवणारे लॅरी मॅकव्हॉय यांच्या लक्षात आलं की हा बदल कॉपीत आहे आणि मूळ बिटकीपर रेपोत त्याचं मूळ कुठंच नाही. पुढं एप्रिल २००५ मध्ये बिटकीपरचा फुकट परवाना गेल्यावर लिनसनी गिट लिहिलं, आणि त्यात प्रत्येक कमिटचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख क्रमांक) त्याच्या आधीच्या सगळ्या इतिहासावर बेतलेला असतो. २०११ च्या ऑगस्टमध्ये कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरांतच घुसखोरी झाल्याचं उघड झालं, तेव्हा सोर्सबद्दल लोक तुलनेनं निश्चिंत राहू शकले ते यामुळेच: जगभर हजारो जणांकडे त्याच इतिहासाच्या कॉपी होत्या आणि एक अक्षर बदललं असतं तरी पुढचे सगळे हॅश जुळेनासे झाले असते. तुमची आजची कॉपीही त्या हजारोंतलीच एक आहे. तेव्हा नव्या टॅगवर सरकण्याआधी ‘गिट व्हेरिफाय-टॅग’ चालवून टॅगवरची सही तपासा. लिनस आणि ग्रेग यांच्या सहीच्या किल्ल्या कर्नल डॉट ऑर्गच्या ईमेल पत्त्यावरून जीपीजीला (सही तपासणाऱ्या प्रोग्रामला) शोधून आणता येतात. टारबॉल घेतलात तर सही एक्सझेड उघडल्यानंतरच्या टार फाइलवर असते. दाबलेल्या फाइलवर तपासलं तर ‘बॅड सिग्नेचर’ येतं आणि माणूस उगाच घाबरतो.

बिल्डबद्दल थोडक्यात. नव्या व्हर्जनवर जुनं कॉन्फिग नेताना ‘ओल्ड-डेफ-कॉन्फिग’ सगळ्या नव्या प्रश्नांना न विचारता डिफॉल्ट उत्तर देतं, म्हणून त्याआधी ‘लिस्ट-न्यू-कॉन्फिग’ चालवून यादीवर नजर टाका. ‘लोकल-मॉड-कॉन्फिग’नं बिल्ड खूप लवकर होतं, पण त्या क्षणी जे मॉड्यूल लोड झालेले असतात तेवढेच ते ठेवतं, तुमचा सीरियल अडॅप्टर तेव्हा लावलेला नसेल तर नव्या कर्नलमध्ये तो चालणार नाही. ‘यूनेम’नं दाखवलेल्या कर्नल व्हर्जनच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं तर घाबरू नका, टॅगच्या पुढे तुमचे स्वतःचे कमिट आहेत एवढाच त्याचा अर्थ. आणि एक चालता जुना कर्नल ग्रबमध्ये (बूटच्या मेनूत) कायम ठेवा. बूट पार्टिशन भरलं म्हणून घाईत तोच उडवू नका.

रोजच्या देखभालीसाठी रेपोत एकदाच ‘गिट मेंटेनन्स स्टार्ट’ म्हणा. मग तासातासाला गिट पार्श्वभूमीवर नवा डेटा आधीच आणून वेगळ्या जागी ठेवतं, तुमच्या ब्रँचना किंवा रिमोटच्या नोंदींना धक्का न लावता. तुम्ही फेच कराल तेव्हा ते क्षणात होतं. मोबाइल डेटावर असाल तर मात्र हे बंद ठेवा. आणि ‘रेफरन्स’ देऊन एका रेपोच्या जिवावर दुसरा क्लोन केला असेल तर मूळ फोल्डर कधीही उडवू नका. दुसऱ्याचे निम्मे ऑब्जेक्ट तिथंच असतात.

आता तुमच्या अडकलेल्या फोल्डरचं. काहीही करण्याआधी त्या अख्ख्या फोल्डरची कॉपी दुसऱ्या डिस्कवर ठेवा. मग ‘मर्ज अबॉर्ट’. कमिट न केलेलं काही राहिलं असेल तर ते कमिट करा. आहात तिथंच ‘जुनं काम’ अशा अर्थाची एक ब्रँच काढा, म्हणजे काही हरवणार नाही. आता फेच. त्यानंतर ‘गिट लॉग’ला ओरिजिनच्या मास्टरपासून तुमच्या ब्रँचपर्यंतची रेंज द्या, मर्ज वगळून, जी यादी दिसेल ती फक्त तुमच्या कमिटची. ती आठ-दहाच असतील, तुम्हाला वाटतंय तेवढा पसारा नसणार. तीच रेंज ‘फॉरमॅट-पॅच’ला दिलीत की प्रत्येक कमिटची एकेक फाइल मिळेल, त्या फाइल्स स्वतःला ईमेल करून ठेवा. मग ६.१२ च्या टॅगवरून नवी ब्रँच काढा आणि ‘गिट एएम’ला तीन-बाजूंच्या मर्जचा ऑप्शन देऊन पॅच एकामागून एक लावा. याआधीच्या पुलमध्ये तुम्ही हातानं सोडवलेले कॉन्फ्लिक्ट या पॅचमध्ये येणार नाहीत, ते एकदा पुन्हा सोडवावे लागतील. केकॉन्फिगवर अडेल तिथं ओळी वर्णक्रमानं बसवा. सगळे पॅच लागले आणि बिल्ड झालं की मास्टरवर जाऊन ती ‘रीसेट हार्ड’नं ओरिजिनच्या मास्टरवर आणा, आणि तिथून पुढं तिच्यावर कमिट नाही.

प्रोबचा दुसरा पॅरामीटर काढल्यावर आयडी टेबलमधला डेटा कसा मिळवायचा हा पुढचा प्रश्न येईल. त्यासाठी ‘आय-टू-सी गेट मॅच डेटा’ हे फंक्शन बघा, ६.१२ मध्ये ते आहे.